वरचा डॉलर

या पाडव्याला नंदाच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: हाइट्सटाउनला रंजनबेनच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या, बाहेरून चढणारा वेगळा जिना आणि असा एक फ्रीज, ज्यातलं दही कुणी संपवलं हे विचारायला तिच्या लेकीशिवाय, नैनाशिवाय, दुसरं कुणी नसेल. भाडं महिना आठशे डॉलर, वर रंजनबेनला रोज वाटीभर कमी तिखटाची भाजी. बदल्यात सोडायचं होतं ते जगन्नाथदादाच्या वेस्ट विंडसरच्या घराचं तळघर. तळघराला भाडं नव्हतं. भाडं नसलेल्या जागेचं भाडं किती पडतं, हे चार वर्षांत नंदाला पैशापैशानं कळलं होतं. सकाळचा चहा, दोन्ही वेळचा स्वयंपाक, दादाच्या पथ्याची भाकरी, आणि पाहुणा आला की "ही माझी धाकटी बहीण, आमच्याकडेच असते" हे वाक्य हसून ऐकणं.

अडलं होतं रंजनबेनच्या मुलापाशी. तो राहायचा रेडमंडला. तिकडून तो आईच्या घराची काळजी करायचा, आणि लांबून केलेली काळजी फार कडक असते. त्यानं नंदाचा मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न मागवला आणि सभ्यपणे कळवलं, की तुमची वर्षाची कमाई नऊ हजार दिसते, आमचं भाडंच त्याच्यावर जातं, मग तुम्ही खाणार काय? यंदाचा रिटर्न पाठवा, महिनाअखेरपर्यंत खोल्या ठेवतो. पाडवा आला रविवारी, आणि महिनाअखेर सोमवारी.

नऊ हजार हा शाळेच्या कॅफेटेरियातला पगार. रोजचे साडेतीन तास, हातात प्लास्टिकचे मोजे, डोक्याला जाळी. पण नंदाच्या हातचे उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या प्लेन्सबरोपासून एडिसनपर्यंत पोचलेल्या होत्या. महिन्याला दोन-तीन ऑर्डरी, गणपती-दिवाळीला श्वास घ्यायला सवड नाही. ते पैसे रिटर्नमध्ये कुठेच नव्हते, कारण दादाच्या मते ते पैसेच नव्हते. तो आहेर होता.

दादाची चूक म्हणावी तर अख्ख्या मराठी मंडळाची म्हणावी लागेल. ओळखीच्या बाईच्या हातावर स्वयंपाकाचे पैसे ठेवायचे म्हणजे आपल्या लोकांचा जीव अवघडतो. म्हणून पाकीट. पाकिटावर कुंकवाचं बोट, आत एकशे एक, दोनशे एक. वरचा एक डॉलर पडला की मजुरीचा आहेर होतो. घेणारीचा मान राहतो आणि देणाऱ्याचे पैसे वाचतात, कारण आहेर कमी पडला म्हणून कुणी तोंड उघडत नाही.

"नंदा, तांब्या वाजतोय बघ गं," प्रतिमावहिनी म्हणाल्या. "गुढी पडली तर वर्षभर डोक्याला घोर."

डेकच्या कठड्याला बांधलेल्या गुढीचा तांब्या वाऱ्यानं सकाळपासून वाजत होता. नंदा तिसऱ्यांदा बाहेर जाऊन दोरी आवळून आली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. पुरी लाटताना कढईकडे बघायची, कढईपाशी गेली की फोनकडे.

"देवळात रंजनबेन भेटल्या," वहिनी श्रीखंडात वेलची घालत म्हणाल्या. "म्हणाल्या, तुमची नणंद फार गोड."

नंदाच्या हातातली पुरी तेलात जरा जोरातच पडली.

"कधी सांगणार होतीस?"

"ठरलं की सांगणारच होते, वहिनी."

"ठरल्यावर शेजाऱ्यांना सांगतात. घरच्यांना आधी विचारतात." वहिनींनी चमचा चाटून पाहिला. "साखर कमी आहे. आणि तुझ्या दादाला मी अजून बोललेले नाही. जेवण नीट होऊ दे."

एवढ्या बोलण्यात वहिनींनी किती दिलं आणि किती राखून ठेवलं, हे नंदाच्या बरोबर लक्षात आलं. बातमी त्यांच्या मुठीत होती, आणि मूठ जेवणानंतर उघडणार होती.

खाली नैना व्हायोला वाजवत होती. वाद्य शाळेचं. तेराव्या वर्षी पोरीला बोलण्यापेक्षा ते सोपं जायचं. आज तोच सूर पुन्हा पुन्हा चुकत होता, आणि नंदा प्रत्येक चुकीला ओठ चावत होती.

पानं वाढली. कडुनिंबाची चटणी सगळ्यांनी तोंड वाकडं करून खाल्ली. ताटांशी होते जगन्नाथ, वहिनी, त्यांचा मुलगा प्रथमेश, जर्सी सिटीहून सकाळच्या ट्रेननं आलेली मुलगी अदिती, आणि खालून आलेली नैना. नंदा वाढत होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

"आत्या, सिरियसली, बस ना," अदिती म्हणाली.

"गरम पुरी गरमच खावी."

"तुझी गार होते त्याचं काय?"

प्रथमेशची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनीत माणसं अकरा आणि फोटो अकराशे. "अरे हो, आत्या," तो बटाट्याची भाजी घेत म्हणाला, "दिवाळी पार्टीचं तुझं केटरिंग मी कंपनीच्या खर्चात टाकलंय. अठराशे. अकाउंटंट म्हणाला, सरकारला पण कळवावं लागतं, सो कळवून झालंय. जस्ट एफवायआय."

जगन्नाथचा घास हातातच राहिला. "कळवलंय म्हणजे? कुणाच्या नावानं?"

"आत्याच्या. ऑब्व्हियसली."

"तो आहेर होता, प्रथमेश."

"बाबा, आहेर डिडक्ट होत नाही."

नंदा पुऱ्यांचं ताट घेऊन जिथल्या तिथे उभी राहिली. दिवाळीला साठ माणसांचं जेवण झालं होतं. पाकिटात होते एक हजार एक. हा आकडा या खोलीत प्रथमेश सोडून दोघींनाच ठाऊक होता, तिला आणि पाकीट भरणाऱ्या वहिनींना. वहिनी पानातलं श्रीखंड उगाच सारखं करत होत्या. नंदानं प्रथमेशच्या पानात गरम पुरी वाढली. बोलायची वेळ आपण ठरवायची, हे ती याच घरात शिकली होती.

"बघतो मी," जगन्नाथ म्हणाला. "जेवणं होऊ द्या."

गेली वीस वर्षं पाडव्याच्या दुपारी जगन्नाथ अख्ख्या घराचा टॅक्स भरायचा. टेबल पुसून घ्यायचा, लॅपटॉपला हळदकुंकू लावायचा, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि एकेकाला बोलवायचा, दवाखान्यात नंबर पुकारतात तसा. औषधांच्या कंपनीत पंचवीस वर्षं संशोधन करून निवृत्त झालेला माणूस. संशोधनात कुणी त्याला इतक्या आदरानं विचारलं नसेल. बहिणीला या देशात आणायला त्यानं अर्ज केला, चौदा वर्षं वाट बघितली, तिचा भार सरकारवर पडू देणार नाही अशी हमी लिहून दिली. तिचा नवरा यतीन आठ महिन्यांत थंडीला आणि मेव्हण्याला कंटाळून नागपूरला परतला आणि पुढे घटस्फोट झाला, तेव्हाही जगन्नाथ एका शब्दानं "मी सांगत होतो" म्हणाला नव्हता. फक्त तसा चेहरा करून दोन वर्षं वावरला होता.

"नंदा, ये." त्यानं खुर्ची दाखवली. "तुझं सोपंय. पगार नऊ हजार, नैना एक, कमी कमाईवाल्यांना सरकार पैसे देतं तो क्रेडिट मिळेल मागच्यासारखा. प्रथमेश, तू अकाउंटंटला फोन करून ते मागे घ्यायला लाव."

"बाबा, ते अन-सेंड होत नाही. इट्स नॉट अ व्हॉट्सअ‍ॅप."

"मग नंदाचा क्रेडिट गेला. कमाई वाढली की सवलत घटते, साधं गणित आहे. तीन वर्षं मी एवढ्यासाठीच हे पैसे दाखवत नव्हतो. वर उद्या कुणी विचारलं तर हमीवर सही माझी."

"दादा," नंदा म्हणाली, "यंदा सगळं दाखवायचंय. अठराशेच नाही. सगळ्या ऑर्डरी."

जगन्नाथनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"ती चाललीय," वहिनींनी मूठ उघडली. "हाइट्सटाउनला. जागा बघितलीय. म्हणून हवीय कमाई दाखवायला."

जगन्नाथनं चष्मा काढला. "कुठे?"

"भाड्यानं दोन खोल्या," नंदा म्हणाली. "नऊ हजारावर मिळत नाहीत."

"इथे काय कमी पडलं?"

याचं उत्तर नंदाकडे फार लांबलचक होतं आणि त्यातलं बरंचसं दह्याबद्दल होतं. मग अदिती उठून वडिलांच्या खुर्चीमागे आली. फेब्रुवारीपासून दर शनिवारी ती जर्सी सिटीच्या एका लायब्ररीत लोकांचे टॅक्स फुकट भरून द्यायची. घरात हे कुणी फारसं मनावर घेतलेलं नव्हतं.

"बाबा, साधं गणित उलटं आहे," ती म्हणाली. "हा क्रेडिट काम केल्याबद्दल मिळतो. काम केल्याबद्दल. शून्य कमवलं तर शून्य." तिनं श्रीखंडाचं पातेलं ओढलं आणि चमच्यानं त्यात चढ काढला. "थोडं जास्त कमवलं की क्रेडिट जास्त. इथपर्यंत. मग हे सपाट. मग हा उतार. तुम्ही सांगताय तो उतार. आत्या इकडे आहे, खाली. शी इज स्टिल क्लाइंबिंग."

"श्रीखंड खराब करू नकोस," वहिनी म्हणाल्या, पण वाकून बघत होत्या.

"म्हणजे?" जगन्नाथनं विचारलं.

"म्हणजे तिनं स्वयंपाकाचे पैसे दाखवले असते, किराणा वजा करून, तर तिला जास्त मिळाले असते. स्वतःच्या धंद्याचा टॅक्स भरूनसुद्धा. वर स्टेटचे वेगळे. वर्षाला हजार तरी, मेबी दीड. तुम्ही वाचवत होतात ना, त्यात ते गेले."

जगन्नाथनं पातेल्यातल्या डोंगराकडे पाहिलं. त्याच्यासारख्या पगाराच्या माणसाला आयुष्यभर कमाई वाढली की सवलत घटतानाच दिसली. डोंगराच्या दुसऱ्या अंगानं कुणी चढतही असतं, हे माथ्यावर घर बांधलेल्याला दिसायचं कारण नव्हतं.

"मी तिचं भलंच बघत होतो," तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"नो वन इज सेइंग यू डिडन्ट," अदिती म्हणाली. "आणि तुमची हमी यात येत नाही. हा क्रेडिट म्हणजे मदत मागणं नाही, मी शनिवारी हेच सांगत बसते सगळ्यांना."

"आणि दादा, रिटर्नवर सही माझीच होती," नंदा म्हणाली. "तू म्हणालास आहेर, मी म्हटलं आहेर. मलाही ते बरं वाटायचं. आहेर घेणारी बाई स्वयंपाकीण नसते."

"पण असून असून किती असणार?" जगन्नाथनं पुन्हा चष्मा चढवला. आकड्यांत शिरला की त्याला सुरक्षित वाटायचं. "वर्षात सहा-सात वेळा. तेवढ्यासाठी हे सगळं उकरायचं?"

नंदा खाली गेली. तळघरात कपाटावर तिनं छोटा देव्हारा मांडला होता, त्याच्यामागून स्टीलचा डबा काढला आणि वर येऊन लॅपटॉपशेजारी ठेवला. आत एकेक डॉलरच्या नोटा, रबर लावलेल्या तीन गड्ड्या, वर थोड्या सुट्या.

"वरचा रुपया मोडायचा नाही, आई सांगायची," ती म्हणाली. "तो बी असतो. मोठ्या नोटा बँकेत भरत गेले, वरचा इथे टाकत गेले. दर पाडव्याला गड्डी बांधते. एक नोट म्हणजे एक स्वयंपाक."

जगन्नाथनं सवयीनं बोट ओलं करून मोजायला सुरुवात केली. पहिली गड्डी चोवीस. दुसरी एकतीस. तिसरीला तो मध्येच थांबला, कारण तिसरी हातालाच जाड लागत होती.

"वाव," प्रथमेश म्हणाला.

"बाय द वे, आत्या," अदिती हळूच म्हणाली, "पाडवा ते पाडवा चालणार नाही. टॅक्सवाल्यांना जानेवारी ते डिसेंबर लागतं."

"बँकेत तारखा आहेत. फोनमध्ये दिसतं सगळं."

"परफेक्ट. मागची तीन वर्षंही दुरुस्त करता येतात. आज यंदाचं करू. त्यात प्रथमेशचे अठराशे धरायचे."

"अठराशे नव्हते," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. वहिनींना कुणाचा पक्ष घ्यायचा हे सकाळी ठाऊक होतं, दुपारपर्यंत ठाऊक होतं. पण त्या पाकिटावर कुंकू त्यांनी स्वतःच्या बोटानं लावलं होतं, नंदाची ओटी भरून ते त्यांनी दिलं होतं, आणि त्यांचा मुलगा आता ते खोटं पाडत होता.

"पाकीट मी भरलं होतं. एक हजार एक. तू म्हणालास, घरचंच आहे, मॉम, एवढे पुरे."

"मॉम, त्यात प्लेट्स, ट्रे, बाकीचं..."

"ताटं-भांडी आत्याची होती. घासली मी आणि तिनं."

"ओके, राउंड फिगर केली. एव्हरीबडी डज."

"हा बिझनेसचा विषय आहे, प्रतिमा," जगन्नाथ मध्ये पडला. बहिणीकडून निसटलेला माणूस मुलाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "उगाच घरात..."

"घरातच झालंय ते," वहिनी म्हणाल्या.

नंदा पहिल्यांदा खुर्चीवर बसली. "प्रथमेश, तू कागद बदल असं मी म्हणत नाही. साठ माणसांचं जेवण, दोन गोड पदार्थ. अठराशे हा भाव बरोबरच आहे. तू लिहिलास तेच बरं केलंस. पण मला न मिळालेल्या पैशांचा टॅक्स मी कसा भरू? लिहिलेत, तर दे."

"आत्या, यार." तो हसला. कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "आत्ता?"

"आत्ताच दे," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासमोर."

प्रथमेशनं फोन काढला, बोटं चालवली. नंदाचा फोन टेबलावर थरथरला. आठशे आले होते. नंदानं डब्यातली एक सुटी नोट काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"सातशे नव्व्याण्णव व्हायचे होते. आहेरावर वरचा असतो, मजुरीवर नसतो."

जगन्नाथ उठला. त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि अदिती तिच्यावर बसली. वीस वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. तो डेकवर गेला. गुढी उतरवायला अजून वेळ होता, सूर्य चांगला वर होता, तरी तो तिथे दोरी चाचपत उभा राहिला. थोड्या वेळानं दार किलकिलं करून म्हणाला, "किराण्यात तूप धर. मोदकाला तूप फार लागतं. आणि गाडीचं पेट्रोल." आणि दार लावून घेतलं.

अदिती बँकेतले आकडे वाचत गेली, नंदा कुठला कुणाचा ते सांगत गेली. बारसं, डोहाळजेवण, गणपती, गणपती, गणपती. वहिनींनी कुणी न सांगता चहा टाकला. चार वर्षांत दुपारचा चहा त्यांनी पहिल्यांदाच टाकला होता, साखरेचा डबा शोधायला त्यांना तीन कपाटं उघडावी लागली.

रिटर्न रेडमंडला गेला. नंदा उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. ओटा पुसलेला होता, तो तिनं परत पुसला. अर्ध्या तासानं उत्तर आलं: ठीक आहे, आईशी बोलून चावी घ्या, पाडव्याच्या शुभेच्छा. अदितीनं आत्याला मिठी मारली. वहिनी "बरं झालं" म्हणाल्या, आणि त्यातलं किती खरं आणि किती उपचाराचं हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

नैना टेबलाच्या टोकाला अजून तशीच बसली होती. तिच्या पानातलं श्रीखंड कडेनं वाळलं होतं.

"आई, हाइट्सटाउन इज अ डिफरन्ट स्कूल डिस्ट्रिक्ट, राइट?"

नंदा थांबली. हे तिनं हिशेबात धरलंच नव्हतं असं नाही. धरलं होतं, आणि बोट ठेवून झाकून ठेवलं होतं. "हो. जूनपर्यंत शाळा इथलीच. मग तिकडची शाळा."

"सो द व्हायोला गोज बॅक."

"तिकडेही असेल गं ऑर्केस्ट्रा."

"मेबी." नैनानं ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. तिनं ते स्वतः धुतलं, फार हळू.

तर जमाखर्च झाला तो असा. प्रथमेशनं सातशे नव्व्याण्णव दिले आणि संध्याकाळच्या आत विसरला. जगन्नाथनं खुर्ची दिली. वहिनींनी दोन वेळचा स्वयंपाक गमावला, आणि कुंकवाच्या बोटाखाली काय काय झाकलं जातं हे त्यांना फुकट कळलं. नंदा धंद्याचा टॅक्स भरेल, शिवाय दर महिन्याला आठशे. खाली व्हायोला सुरू झाला. सकाळपासून चुकणारा तो सूर आता पहिल्याच खेपेला बरोबर लागला, आणि नंदाला कळलं की या सगळ्यात मोठी रक्कम जिनं भरली, तिला कुणी पाकीटसुद्धा दिलेलं नव्हतं.